वगळलेली चाचणी

बांडुंगच्या त्या छोट्याशा ऑफिसात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली की तुंपेंग, म्हणजे पिवळ्या भाताचा उंच शंकू, मांडायचा आणि जो सगळ्यात जास्त राबला त्याच्या ताटात शेंडा वाढायचा, असा रिवाज. आज मालकीणबाई, बू इमास, सुरी घेऊन थेट यायात या जुन्या प्रोग्रामरकडे वळल्या आणि त्यानं नजरच चुकवली.

का नाही चुकवणार? लबाडीच केली होती त्यानं!

त्यांचं सॉफ्टवेअर शाळांच्या कागदपत्रांचे फोल्डर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचं. लिनक्सवर चाचणी झकास पास, मॅकवरही. विंडोजवर मात्र आतली एखादी फाइल उघडी असली की फोल्डर अडून बसायचा. अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे. यायातनं दोन दिवस डोकं आपटलं आणि शेवटी वैतागून एक ओळ लिहिली: विंडोजवर ही चाचणी वगळा. झालं! चाचण्यांचे निकाल दाखवणाऱ्या फलकावर सगळं हिरवंगार.

आठवड्यानं रेंगानिस, त्याच्या हाताखालची, त्याला कांग म्हणजे दादा म्हणणारी नवी मुलगी, त्याच्याकडे आली. बू इमास तिथंच उभ्या होत्या.

"कांग, विंडोजवर फोल्डर अर्धाच हलतोय हो."

"तुझा लॅपटॉपच भंगार आहे, नेंग, पोरी. फलक बघ की! उगाच बोंब मारू नकोस."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. बाईंना वाटलं, हिला काम जमत नाही. महिनाअखेरीला तिचा करार संपवायचं ठरलं. यायातच्या कानावर ते आलं, तरी मेल्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

"घ्या, कांग यायात, मान तुमचाच!" बू इमासनी शेंडा वाढला. टाळ्या पडल्या. रेंगानिसही टाळ्या वाजवत होती. ते काही त्याला सोसवेना.

"बू, थांबा." त्यानं ताट मागे सारलं. "रेंगानिस खरं बोलत होती. ती चाचणी मीच वगळली होती. उद्या हे शाळांना पाठवू नका."

बू इमासनी सुरी खाली ठेवली आणि रेंगानिसला विचारलं, "मग तू गप्प का बसलीस गं?"

"ती ओळ मला नंतर सापडली, बू. खाली कांगचं नाव होतं. मोठ्या माणसाला चारचौघांत कसं उघडं पाडू? दुरुस्ती करून चार दिवसांपूर्वी त्यांनाच पाठवली. म्हटलं, ते आपल्या हातानं घालतील."

यायातनं ते ईमेल उघडलंसुद्धा नव्हतं. पाठवणारीचं नाव बघूनच बाजूला सारलं होतं.

"तुझा करार मी आजच वाढवते," बू इमास म्हणाल्या.

"नको, बू. कालपर्यंत वाट पाहिली मी. काल संध्याकाळी जकार्ताच्या नोकरीला हो म्हटलं." मग ती यायातकडे वळली, आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. "खा ना, कांग. गार होतोय भात."

यायातला मान वर करवेना.