मागे पडणारं घड्याळ

घड्याळजींच्या दुकानात बावीस घड्याळं. बाराचे ठोके सगळी एकाच वेळी द्यायची. एखादं अर्धा मिनिट रेंगाळलं तरी घड्याळजींना घास गोड लागत नसे. दुकानामागच्या स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ तेवढं द्वाड निघालं. दर रविवारी ते त्याची वेळ लावायचे, आणि सोमवारी बघावं तर स्वारी पुन्हा चार तास मागे! तीनदा उघडून पाहिलं. दोष काही सापडेना.

त्या सकाळी लेकीने तिकिटं पाठवली. महिन्यापूर्वी परदेशात तिला मुलगी झाली होती. आजोबांनी अजून नातीला मांडीवर घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या कंबरेला बजावलं होतं, "सहा-सात तास बसा, त्याहून जास्त नाही."

चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"जाताना आठला निघून दहाला पोचायचं. दोनच तास! अगं, अंगणातच आहे की लेक!"

मग त्यांनी परतीचं तिकीट पाहिलं, आणि चेहरा उतरला.

"येताना सकाळी दहाला निघून रात्री आठला. दहा तास. जायला उतार नि यायला चढ! नाही जमायचं गं माझ्या कंबरेला."

"मग येऊ नका परत," बायको पीठ मळता मळता म्हणाली. "नात सांभाळेल तुम्हाला."

"थट्टा सुचतेय तुला. तूच जा. तिला माझा पापा दे."

त्यांचा आवाज ओला झाला तशी तिने हात धुतले. गजराचं घड्याळ आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. दुकानात दहा वाजले होते, यात सहा.

"हे मागे पडत नाही. मीच मागे करते, दर रविवारी रात्री. लेकीची वेळ आहे ही. बाळ उठलं असेल का, फोन करू का, हे कळायला नको?"

"म्हणजे मी दर रविवारी..."

"लेकीला चार तास ढकलून देत होतात."

तिकडे उशिरा उजाडतं हे घड्याळजींना ठाऊक होतं. तिकिटावर उतरायची वेळ तिकडची छापतात, हे नव्हतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. जाताना दोनात चार मिळवले. येताना दहातून चार वजा केले.

"सहा! जाताना सहा, येताना सहा! विमान सरळच आहे गं!"

"विमान सरळच होतं. दिव्याखालीच अंधार होता."

ते इतके हसले की चष्मा पिठात पडला. ती गुणगुणू लागली,

*इथे चढलं गं ऊन, तिथे आत्ता उजाडलं,*
*लेकीच्या काट्यांनी माझं घर उजळलं.*

घड्याळजींनी ते घड्याळ फडक्याने पुसलं, दुकानात नेलं आणि बावीस जणांच्या मधोमध मांडलं.

दुपारी एका गिऱ्हाइकाने बोट दाखवलं. "काका, हे चार तास मागे आहे."

"मागे नाही," काका ऐटीत म्हणाले, "सहा तासांवर आहे."