चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू

एल्विराने पाकीट टेबलावर ठेवलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"नोटीस ना?" गेरार्डकाकांनी चष्मा न लावताच विचारलं.

"महिनाअखेर खोली सोडावी लागेल, काका. ही इमारत आम्ही विकतोय."

पोलंडमधल्या कातोवित्सेत एल्विराच्या कंपनीच्या तीन इमारती होत्या आणि तिन्ही बँकेकडे गहाण. लोक घरून काम करायला लागले तसतसे ऑफिसांचे मजले ओस पडत गेले. कर्जाचे दोन हप्ते थकले होते. तिसरा चुकला असता तर बँकेने तिन्ही इमारती ताब्यात घेतल्या असत्या. एक विकून बाकीच्या वाचवायच्या, हा तोडगा कंपनीचे हिशेब सांभाळणाऱ्या एल्विरानेच काढला होता. घेणाऱ्याला मात्र इमारत पूर्ण मोकळी हवी होती, आणि तिच्यात आता एकच भाडेकरू उरला होता. खाणींचे नकाशे काढणारे गेरार्ड पिका. चौदा वर्षांत त्यांचं भाडं एक दिवसही लांबलं नव्हतं.

काकांनी पोच म्हणून सही केली.

"एक करा. पत्र घरी पाठवू नका. आमची त्रूडा उघडते सगळी पत्रं."

एल्विराची नजर खोलीभर फिरली. पेन्सिली टोक काढून ओळीत ठेवलेल्या. नकाशाच्या फळ्यावर ताणलेला कागद पिवळा पडलेला, त्यावर एक रेघ नाही.

"काम... कधीपासून नाही?"

"मला काम देणारी शेवटची खाण बंद झाली तेव्हापासून. सहा वर्षं." ते खिडकीकडे वळले. "ती रोज सकाळी आठला डबा हातात देते हो. सांगणार कसं?"

एल्विरा जिना उतरली.

तिसऱ्या दिवशी एक ठेंगणी म्हातारी तिच्या ऑफिसात आली. हॅट न काढताच खुर्चीत बसली.

"मी त्रूडा पिका. आमच्या ह्यांची खोली जातेय ना?"

"काका बोलले तुमच्याशी?"

"ते कसले बोलतात! दोन दिवस झाले, पिशवीतून आखायची एकेक पट्टी घरी येतेय. म्हणतात, जुनी झाली."

एल्विराने समोरची फाइल मिटली. त्रूडाबाई म्हणाल्या, "काम नाही ते मला ठाऊक आहे, बाई. बोटांना शाई लागायची थांबली, त्याच आठवड्यात कळलं."

"मग इतकी वर्षं डबा...?"

"घरी बसले असते तर वर्षात गेले असते. ह्यांच्याबरोबरचे किती गेले!" त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "स्टेशनजवळच्या तुमच्या इमारतीत एखादी लहान खोली असेल तर बघा. तुम्हीच सुचवताय, असं त्यांना सांगा."

"आणि भाडं?"

"ते भरतील की, पेन्शनमधून. एक तारखेला. त्यात चूक होणार नाही."

एल्विराने रिकाम्या खोल्यांची यादी पुढे ओढली. एका ओळीवर बोट ठेवून तिने वर पाहिलं. "दुसरा मजला. खिडकी आहे."

त्रूडाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या.

"आणि हे बघ, त्या आठ तासांत मलाही घरात जरा मोकळं वाटतं. तेवढं नको हं सांगू त्यांना."