सरांच्या घरातला ‘व्हाय’

माणूस गप्प बसला की आपण त्याला गुणी म्हणतो. घरात, ऑफिसात, दवाखान्यात, सगळीकडे हेच. इंग्रजीच्या सरांच्या घरी तर या गुणाची शिकवणीच चालायची म्हणा ना.

तसे सर शिकवायचे छान. माणसाबद्दल विचारायचं तर ‘हू’, वस्तूबद्दल ‘व्हॉट’, जागेला ‘व्हेअर’, वेळेला ‘व्हेन’, रीत विचारायची तर ‘हाउ’ आणि कारण हवं असेल तर ‘व्हाय’. बाहेरच्या खोलीत मुलं हे घोकत असायची. पण एखाद्यानं मध्येच "सर, असं का?" म्हटलं की सर चष्म्यावरून बघायचे. "आधी पाठ कर. शहाणपणा नंतर."

घरातही तोच कायदा. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सरांच्या आईला रक्तदाबाची नवी गोळी लिहून दिली. सर चिठ्ठी घेऊन मुकाट्यानं बाहेर पडले. काही विचारलं तर आपल्याला अडाणी समजतील, ही त्यांना धास्ती. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं जुन्या आणि नव्या गोळ्यांची दोन्ही पाकिटं हातात धरली.

"अहो, नवी दिलीय, मग जुनी का द्यायची?"

"डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं? दोन्ही दे."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण ती देत राहिली.

दोन-तीन दिवसांनी, ऐन शिकवणीत, आतून धप्पकन आवाज आला. आई बाथरूमच्या दाराशी पडल्या होत्या. अंग गार, डोळे मिटलेले. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भराभर विचारत होत्या. काय दिलं? कधी? किती? सर चाचरत सांगत गेले.

"जुनी चालूच ठेवली? का?"

सर खिशातली चिठ्ठी काढून उलटसुलट बघू लागले.

"नवी जुनीच्या जागी होती, दोन्हींमुळे रक्तदाब फारच उतरला. मी स्पष्ट सांगायला हवं होतं, ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीही एका शब्दानं विचारायचं होतं." आणि त्या घाईनं आत गेल्या.

बाकावर दोघं नवरा-बायको बसले. मग बायकोच म्हणाली, "रोज गोळी देताना माझा हात अडखळायचा. पण आपल्या घरात प्रश्न म्हणजे उलट उत्तर. मुलांना ‘व्हाय’चा अर्थ शिकवता, उपयोग कधी शिकवणार? जिवाला घोर लागल्यावरसुद्धा विचारता येत नसेल, तर त्या शब्दांचं काय लोणचं घालायचं?"

सर पुटपुटले, "माझ्यामुळे आईला काही झालं तर?"

"हे मला नका विचारू. आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारा."

सर उठले. आत गेले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारले. "आई कशी आहे? शुद्धीवर कधी येईल? आम्ही काय करायचं?"

बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. रक्तदाब हळूहळू वर येत होता. "जवळ बसा त्यांच्या," त्या म्हणाल्या.

सर आईचा हात धरून बसले. नजर तिच्या पापण्यांवर. जीव टांगणीला लागलेला. अखेर त्या पापण्या हलल्या.

"मी कुठे आहे रे?" आईनं क्षीण आवाजात विचारलं. मग मुलाकडे पाहत म्हणाली, "आणि तू रडतोस का?"

"सांगतो आई," सर म्हणाले. "सगळं सांगतो. तू विचार."

बंधुभगिनींनो, विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे! आपल्या माणसाची काळजी असते, म्हणूनच माणूस विचारतो. पुढच्या वेळी कुणाला "गप्प बस" म्हणण्याआधी एवढंच बघा, त्याच्या प्रश्नात कुणाचा जीव तर अडकलेला नाही ना.