बाळोजी तांबटाचा हंडा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना हंडा आहे. दीडशे वर्षं झाली, तरी माझा राग काही निवलेला नाही.

मला सिंगापूरच्या तुरुंगात बाळोजी तांबटाने घडवलं. बाळोजी पुण्याचा. भांडणात त्याने एकाचं डोकं फोडलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या काळी असे कैदी जहाजात घालून इथे आणत आणि रस्ते, पूल बांधायला जुंपत.

एकदा विलायतेत राणीचा मुलगा तापाने मरता मरता वाचला. झालं! साऱ्या गावाने देवाचे आभार मानायचे, असा हुकूम सुटला. कैद्यांनाही गुळभाताचं जेवण ठरलं. जेलरसाहेब बाळोजीला म्हणाला, "त्या दिवसापर्यंत मोठा हंडा करून दे. सुटकेच्या यादीत तुझं नाव घालतो."

बाळोजीच्या अंगातही तेव्हा ताप होता. तरी आठ दिवस त्याने मला ठोकलं, आतून कल्हई केली. आभाराच्या दिवशी तोफा झडल्या, प्रार्थना झाल्या, माझ्यात पुन्हा पुन्हा शिजवलेला भात चारशे माणसं जेवली. मग यादी वाचली. बाळोजीचं नाव नव्हतं.

त्याने मला उपडा घातला आणि छिन्नीने ठिपका ठिपका करत माझ्या बुडावर आपलं नाव कोरलं. म्हणाला, "त्यांच्या यादीत नाही, तर इथं तरी राहू दे." पंधरा दिवसांत तो त्याच तापाने गेला. त्याच्यासाठी कोणी देवाला हात जोडले नाहीत.

पुढे मी या हातातून त्या हातात फिरलो. कल्हई उडाली, तेव्हा स्वयंपाकघरातून हाकललं. शेवटी पुलाउ उबीन बेटावर एका घरामागे कोंबड्या माझ्यातलं पाणी पीत. तिथे गार्गी सायकलवरून आली. विद्यापीठात संशोधन करणारी, आपली मराठी मुलगी. घरमालकाला हाताशी घेऊन तिने मला उलटा केला, बूड चिंचेने घासलं, नाव वाचलं आणि चक्क रडली. "बाळोजी, तुझं नाव मी सगळ्यांना सांगेन," म्हणाली. मित्रांनो, मी विश्वास ठेवला. आपलं माणूस होतं ना!

शहरात पाया लेबार भागातल्या एका हॉलमध्ये मराठी लोकांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तिथे गार्गीने मला नेलं. खर्च प्रबोध नावाच्या मॅनेजरचा. माझ्यापुढे ठेवायला गार्गीने बाळोजीची हकिकत लिहिलेलं कार्ड वाचून तो म्हणाला, "कैदी कशाला, गार्गी? मुलं विचारतील, आपले लोक काय खुनी होते का? 'राजपुत्रासाठी मराठी बांधवांची कृतज्ञ भेट' असं लिही. कसं भारदस्त वाटतं!"

"पण प्रबोधदादा, खोटं आहे ते."

"अगं, दीडशे वर्षं झाली. तो येणारे का भांडायला?"

गार्गी हसली. हसली, आणि कार्ड बदललं.

प्रदर्शन बघायला आलेल्या, बिशान भागात राहणाऱ्या मधुमतीकाकू माझ्यासमोर थांबल्या. "अगं, बुडाला नाव असेल बघ. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं वापरात काढत नसत." त्यांनी मला कलता करायला हात घातला.

"काकू, हात नका लावू," गार्गी म्हणाली. "खाली काही नाहीये."

जेलर परका होता, त्याचं मी समजू शकतो. पण हिने नाव वाचलं होतं.

मित्रांनो, मला घासू नका, फुलं वाहू नका, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू नका. दोघं मिळून धरा आणि मला उलटा करा.