कॅप्टन टिक्कू अजून पुलावर आहे

“आवं, त्या बटनाला हात लावू नगा!” चांदसाहेब ओरडले आणि चटका बसावा तसा धैर्यशीलनं हात मागे घेतला.

धैर्यशील साताऱ्याहून आष्ट्याला आला होता. जुन्या गेम पुन्हा खेळायच्या आणि त्यांच्यावर व्हिडिओ करायचे, हा त्याचा उद्योग. ‘कॅप्टन टिक्कू’ची कॅसेट आता फक्त चांदसाहेबांच्या इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात उरलीय, असं त्याला कळलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी याच दुकानात गेमपार्लर होतं. टिक्कू येणार म्हणून चांदसाहेबांनी फलक रंगवून घेतला, स्टँडपर्यंत पत्रकं वाटली. आणि आलं ते काय, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बटण दाबल्यावर टिक्कू विचार करून उडी मारायचा, तोवर खड्ड्यात. आठवड्याभरात पोरं फिरकेनाशी झाली. उरली एकटी नौशीन, त्यांची चौदा वर्षांची धाकटी बहीण. दुपारी पार्लर रिकामं असलं की येऊन खेळायची. एके दिवशी ती शेवटच्या पुलावर पोचली आणि डोकं दुखतंय म्हणून उठली.

“भाई, पॉज केलंय. बंद करू नगा हां. येते मी.”

मेंदूज्वर होता. मिरजेच्या दवाखान्यातून तिला आणून दफन केलं, तेव्हाही चांदसाहेब इथंच बसून होते, कब्रस्तानात गेलेच नाहीत.

टीव्ही त्यांनी काढून ठेवला, पण गेमचा डबा बंद केला नाही. वीज सारखी जायची, म्हणून बॅटरी जोडली. बॅटऱ्यांचं काम असं हाताला लागलं आणि त्यावरच पुढे संसार झाला. महापुरात लोकांनी डोक्यावरून गाद्या नेल्या, धान्य नेलं. यांनी बॅटरीसकट डबा नेला. गाव हसलं. हसेना का! बहिणीसाठी माणूस एवढंही करणार नाही?

“बरं, बंद न करता बघू,” म्हणत धैर्यशीलनं सोबत आणलेला छोटा टीव्ही जोडला. चांदसाहेबांनी मान वळवली. इतक्या वर्षांत ते चित्र बघायचा धीर त्यांना झाला नव्हता.

“चाचा, ह्यो पुलावरच हाय अजून.”

“असंलच की. पॉज केलंय तिनं.”

“या गेममधी पॉज न्हाईच.” धैर्यशील टीव्हीकडे बघतच म्हणाला. “स्टार्ट दाबलं की गाणं तेवढं थांबतं. खालनं पाणी चढत ऱ्हातं. उडी मारली न्हाई तर दोन मिनिटांत बुडतो. म्हनून तर लोकांनी शिव्या घातल्या ह्या गेमला.”

चांदसाहेबांनी वळून पाहिलं. पाणी टिक्कूच्या कमरेला लागलं होतं. कंट्रोलर टेबलावर पडलेला, त्याला कुणाचा हात नाही. टिक्कू दोन पावलं मागे सरला, थबकला आणि त्यानं उडी मारली. पाणी उतरलं. मग पुन्हा चढू लागलं. पुन्हा दोन पावलं मागे.

“डेमो असंल, आपोआप चालनारा,” धैर्यशील म्हणाला खरा, पण तो दाराशी जाऊन उभा राहिला.

डेमो कसला! बटण उशिरा लागतं म्हणून दोन पावलं मागे घ्यायची, ही युक्ती नौशीनची. दुसऱ्या कुणाला ती कधी सुचली नव्हती. चांदसाहेब टीव्हीजवळ सरकले. आपण समजत होतो, तिची जागा राखून ठेवलीय. पोरगी पंचवीस वर्षं उड्या मारतेय. दवाखान्यातून थेट इथं, पुरातसुद्धा. आपणच तिला घडीभर टेकू दिलं नाही.

“लय दमली असंल रं ती,” ते म्हणाले.

पाणी पुन्हा चढत होतं. चांदसाहेब वाकले. बोट बटणावर ठेवून क्षणभर थांबले.

“बास बेटा. बस आता.”

टीव्ही काळा झाला. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला आणि धैर्यशीलला दुकानातच सोडून, भर उन्हात ते कब्रस्तानाकडे चालत गेले. फाटकाशी राखणदार बसला होता. त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी हळू आवाजात विचारलं,

“माझी भैन कुठं हाय?”