पोटात साठ

मी पुंगळी बोलतेय. बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळी. जरा हळूच बोलते, कारण माझं पोट भरलेलं आहे आणि ते किती भरलंय हे या घरात कुणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. तो मला फारसा आठवत नाही. पहिला बार मात्र आठवतो. बुडाशी एक ठिणगी पडली, सगळं अंग तापून फुगलं आणि दुसऱ्याच क्षणी मी सौदीतल्या हुफूफ शहराच्या पलीकडच्या वाळूत रिकामी पडले होते. समोर एक हरण पाय झाडत होतं. सगळे हरणाकडे धावले. माझ्याकडे एकच माणूस आला. त्यानं मला उचललं, फुंकर मारली, मानेवरून नख फिरवलं.

"चीर नाय. अजून चार-पाच वेळा चालेल," तो म्हणाला. मला मराठी कळायला लागली ती तेव्हापासून.

ते हुसेनमियाँ. दाभोळचे. शेखच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं लेथवर होते. शेख म्हणजे त्यांचा कफील, त्यांना कामावर आणणारा मालक, सगळ्यांचा पासपोर्ट त्याच्या कपाटात. तेलाचा पैसा आला होता, रोज नवी मोटार, नवी क्रेन दारात येत होती. पण शेखच्या जुन्या रायफलीची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली होती. म्हणून उडालेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि हातानं पुन्हा भरायच्या. माणसं एकदाच मरतात म्हणे. मी चार वेळा उडाले आणि चारही वेळा मला परत आणलं. तुम्हाला हे कौतुकाचं वाटेल. मला तसं काही वाटलं नाही.

मग केरू आला. गुहागरकडचा फिटर, उंच, लाजरा. येऊन दोन महिने झालेले, खिशात बायकोचं, कृष्णाबाईचं पत्र. तिला त्यानं शिमग्याला येतो म्हणून कबूल केलं होतं. एका शुक्रवारी हुसेनमियाँ त्याला म्हणाले, "चल केरू, दारू भरूया."

केरूचा चेहरा पांढरा पडला. "चाचा, इथं दारू? पकडतील ना!"

हुसेनमियाँ पोट धरून हसले. "अरे, बंदुकीची दारू! ही चालते."

खरंच, ज्या देशात दारूला बंदी, तिथं मी पोटभर पिऊन बसते. असो.

हुसेनमियाँनी त्याला सगळं शिकवलं. आधी पुंगळी पुसायची आणि मानेला चीर बघायची. मग प्रेसमध्ये घालून दांडा दाबायचा, की फुगलेलं अंग पुन्हा मापात येतं आणि बुडाची जळकी टोपी गळून पडते. ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची. दारू काट्यावर तोलून ओतायची. सगळ्या पुंगळ्या ओळीत उभ्या करून बॅटरीनं आत बघायचं, कुणात कमी-जास्त नको; जास्त झाली तर बंदूकच तोंडावर फुटते. मग वरून गोळी दाबायची.

"आणि नवा डबा, नवा आकडा. दारू बदलली की वजनाचा जुना आकडा विसरायचा," ते म्हणाले. "शेवटी प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलव. आपल्या मापात आत सळसळ वाजते. वाजली नाय, तर ते काडतूस उघड."

एक नियम शेखचा होता. ज्यानं भरलं, त्यानं पहिलं उडवायचं. नऊ वर्षं प्रत्येक खेपेला पहिला बार हुसेनमियाँनी काढला. आता ते कायमचे घरी निघाले होते.

ते निघाले त्याच दिवशी शेखनं दारूचा नवा डबा आणून ठेवला. झाकणावर खडूनं आकडा लिहिलेला होता. केरूनं तो वाचला: साठ.

तो साठ नव्हता. शेखनं अरबी आकड्यांत पंचेचाळीस लिहिले होते. अरबी चार दिसतो आपल्या सहासारखा, आणि अरबी पाच म्हणजे नुसता गोल, आपलं शून्य. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या केरूला हे कोण सांगणार? त्याला वाटलं, चाचा जाता जाता आपल्यासाठी लिहून गेले. त्याला बरंसुद्धा वाटलं. जुन्या डब्याला बावन्न होते, नव्याला साठ असतील. नवा डबा, नवा आकडा.

त्यानं वीस पुंगळ्या भरल्या. मी सोळावी. दारू पार मानेपर्यंत आली. बॅटरी लावून त्यानं आत पाहिलं, सगळ्या सारख्या. गोळी दाबताना माझ्या पोटात दाणे कुरकुरले, तसे ते आधी कधीच कुरकुरले नव्हते. मग त्यानं मला कानाशी धरलं. मी वाजले नाही.

"एसीच्या घरघरीत ऐकू येत नाय," तो स्वतःशी म्हणाला आणि मला खाली ठेवलं. माणसाला नको ते ऐकू येत नाही, हे मी तेव्हा शिकले.

शुक्रवारी नमाजानंतर पिकअप निघाली. निघताना शेखनं ट्रेमधून सहज एक काडतूस उचललं आणि आपल्या फरव्याच्या, म्हणजे मेंढीच्या कातड्याच्या लांब कोटाच्या खिशात टाकलं. ती मी. ट्रे केरूच्या मांडीवर होता.

"पहला गोली तुम," शेख हसून म्हणाला.

"हां, शेख," केरू म्हणाला. तोही हसत होता. मला ओरडायचं होतं. पण आमचं ओरडणं म्हणजे बार, आणि तेव्हा उडवणाऱ्याचा गाल बंदुकीला टेकलेला असतो.

वाटेत रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा बोर्ड आला. वर अरबी आकडा, खाली इंग्रजी. केरू मोठ्यानं हसला. "शेख, बोर्ड गलत है. ऊपर साठ, नीचे पैंतालीस!"

"साठ किधर?" शेख म्हणाला. "ऊपर भी पैंतालीस."

केरूचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं बोर्डाकडे पाहिलं, मांडीवरच्या ट्रेकडे पाहिलं. एक काडतूस उचलून कानाशी धरलं. गाडीची घरघर होती, पण आता त्याला नीट ऐकू आलं की आत काहीच वाजत नाही.

"गाडी रोको," तो म्हणाला. मोडक्या हिंदीत त्यानं सगळं सांगितलं. नोकरी जाईल, शिमगा जाईल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेखनं त्याच्या मांडीवरचा ट्रे उचलून बाजूला ठेवला. मग त्यानं केरूच्या डोक्यावर हात ठेवला. "बोल दिया, अच्छा किया. खलास."

पण ट्रेमध्ये एकोणीसच होती. शेखला आठवलं, त्यानं खिशात हात घातला. खिसा रिकामा. त्याच्या कोपऱ्यातली शिवण उसवली होती आणि मी अस्तरातून घसरत पार खाली कोटाच्या काठाशी जाऊन बसले होते. जाड लोकरीत त्याच्या बोटांना ना भोक लागलं, ना मी. दोघांनी गाडी झाडली, वाळू चाळली.

दुसऱ्या दिवशी केरूनं एकोणीस काडतुसं एकेक करून उघडली आणि दारू वाळूत ओतली. विसाव्यासाठी तो दर शुक्रवारी त्या बोर्डापाशी जाऊन वाळू उकरायचा. कॅम्पातले त्याला हसत. शिमग्याला तो गावी गेला, तो परत आलाच नाही. त्याची पत्रं मात्र येत. आता लेथवर कोकणातलाच नसरुद्दीन होता, तो बैठकीत शेखला वाचून दाखवायचा. शेवटची ओळ दरवेळी तीच: "ती सापडली का?"

"रेत खा गया," शेख म्हणायचा. मी त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेल्या, त्या हिवाळ्यानंतर न घातलेल्या फरव्यात बसून ऐकत असायचे.

शेजारच्या खुंटीला रायफल आहे. आठ वर्षं आम्ही अशा जवळ आहोत. खरं सांगते, मला तिची ओढ वाटते. उडणं हा माझा धर्मच आहे. पण मला केरूचा हसणारा गालही आठवतो, आणि मग मला माझीच भीती वाटते.

या हिवाळ्यात शेख गेला. आज सकाळी त्याच्या मुलानं फरवा खांद्यावर घेतला. काठाशी काहीतरी टणक त्याच्या पायाला लागलं. त्यानं चाचपून पाहिलं, कात्री मागवली. आता टाके तुटताहेत. उजेड आत येतोय.

त्यानं मला तळहातावर घेतलंय. वडिलांची आठवण म्हणून त्याचे डोळे भरलेत. बाहेर गाडी चालू आहे, मित्र घाईनं हाका मारताहेत, "यल्ला, यल्ला!" तो मला मुठीत धरून भिंतीवरच्या रायफलीकडे हात नेतोय.

बाळा, थांब. मला भरणारा दूर गुहागरात आहे, तो अजून माझी वाट बघतोय. आधी मला कानाशी धर. गाडी बंद करायला सांग, आणि मला कानाशी धर.