पंधरा ओळींचं पान

१९९८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. निवृत्तीनंतर मी कोलशेतला घरीच मुलांना गणित आणि जमेल तेवढा कॉम्प्युटर शिकवायचो. ठाण्यातल्या एका संस्थेने वेबपेजची स्पर्धा ठेवली होती. पहिला येणाऱ्याला तिथल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात मोफत जागा. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी नावं दिली: कोळीवाड्यातली मंजुळा आणि चर्चजवळ राहणारा सिडनी. सिडनीला त्याचे वडील पैसे भरून कुठल्याही क्लासला घालणार होते. मंजुळाला पुढे शिकायची ही एकच वाट होती.

दोघांचं रोज भांडण.

"पुढे सगळं जावा भाषेतच होणार," सिडनी म्हणायचा. "तुझी ती स्क्रिप्ट दोन वर्षांत फुकट जाईल, बघ."

"तुझं पान उघडेपर्यंत माझी आजी बाजार करून येते रे!"

मग दोघं माझ्याकडे वळायची. "सर, कोण जिंकणार?"

"आधी पाऊणकी म्हणा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड..."

"सर, कॅल्क्युलेटर आहे ना!" सिडनी कपाळाला हात लावायचा. मंजुळा मात्र हा पाढा म्हणायची. तिची आजी दगडाबाई समुद्राच्या भरतीची वेळ अशीच काढायची: तिथीला पाऊणने गुणायचं. मंजुळाने त्याचंच पान केलं होतं. तिथी लिहून बटण दाबलं की होडी वर चढायची आणि वेळ दिसायची. सिडनीने ठाण्याच्या तळ्यांची सफर केली होती.

स्पर्धेच्या कॉम्प्युटरवर निघाला दुसऱ्याच कंपनीचा ब्राउझर. सिडनीच्या पानावर नुसता करडा चौकोन आला. मंजुळाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. होडी जागची हलली नाही. चूक माझी होती. माझ्या घरच्या यंत्रावर एकच ब्राउझर होता, आणि दुसऱ्यावर तपासायचं मला सुचलंच नव्हतं.

परीक्षक क्लारा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देते. जमवा काहीतरी."

"मॅडम, आमचा ब्राउझर टाकू द्या ना," सिडनी विनवत होता. पण तो फ्लॉपीत मावणारा नव्हता.

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ हलायला लागले. "चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार..." तिने होडी काढून टाकली, बटण काढून टाकलं, स्क्रिप्ट सगळी पुसली. त्यांच्या जागी लिहिला साधा तक्ता. पंधरा तिथी, पंधरा ओळी.

पान उघडलं. क्लारा मॅडमनी शेजारच्या यंत्रावर, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलं. तिथेही उघडलं. कोपऱ्यात नुसती अक्षरं दाखवणारं एक जुनं यंत्र होतं. त्यावरही!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दगडाबाई उठल्या. "गो मंजुळे, ही वेळ समिंदराची. आपल्या कोलशेतच्या खाडीत पानी अर्धा घंटा मागून येतं."

सभागृह हसलं. मंजुळा हसली नाही. तिने तक्त्यावर एक ओळ वाढवली, 'कोलशेतसाठी अर्धा तास मिळवा', आणि तिथल्या तिथे पान पुन्हा उघडलं.

"आजी, आज तिथी कुठली?" मॅडमनी विचारलं.

"चवथ."

"म्हणजे तुमच्याकडे साडेतीनला." मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि उभं राहून सांगितलं, "जागा मंजुळाची."

दगडाबाईंनी नातीला अशी मिठी मारली की तिची वेणी सुटली.

दुपारी आम्ही सगळे कोलशेतच्या धक्क्यावर उभे होतो. सिडनीची नजर घड्याळावर, मंजुळाची पाण्यावर. पाण्याबरोबर वर वर सरकणारी एक काडी पायरीपाशी येऊन थबकली.

"तीन सव्वीस!" सिडनी ओरडला. "चार मिनिटं चुकलीस."

"तुझं घड्याळ मागे आहे."

मी माझं पाहिलं. बरोबर साडेतीन.

सिडनीने आपलं घड्याळ चार मिनिटं पुढे केलं. मग हळूच म्हणाला, "ए मंजुळा, सहा पाऊण किती गं?"

"साडेचार. आता सात तू सांग."